कंबरेमागची फुगवती उशी: वर्षभराच्या प्रवासानंतर

गेल्या वर्षभरात विमान, रेल्वे, रात्रीची बस आणि मोटार अशा चारही प्रकारच्या प्रवासांत मी कंबरेमागे एकच फुगवती उशी वापरली आहे. तिच्याविषयी लिहिण्यापूर्वी माझ्या कंबरेची स्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण एकाला मानवलेली उशी दुसऱ्याला मानवेलच असे नाही. माझ्या कंबरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी काही वर्षांपूर्वी सरकली. तीव्र दुखणे केव्हाच गेले असले, तरी तासाभराच्या बैठकीनंतर कंबर आखडते आणि ती तशीच दामटली तर डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ उतरते. चालताना, उभे राहताना किंवा पडून राहताना मला फारसा त्रास होत नाही. म्हणजे माझे दुखणे बसण्याचे आहे, आणि प्रवास म्हणजे मुख्यतः बसणेच.

उशी दिसायला साधी आहे. सुमारे अडतीस सेंटिमीटर रुंद, वीस सेंटिमीटर उंच, एका बाजूस मऊ लोकरीसारखे कापड, दुसऱ्या बाजूस गुळगुळीत आवरण, आत फोमचा पातळ थर आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात पिळून उघडायची झडप. झडप उघडली की फोम आपणहून हवा ओढून घेतो आणि उशी अर्धीअधिक भरते. उरलेली हवा तोंडाने फुंकायची. पूर्ण भरल्यावर तिची जाडी दहा सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि हवा काढून गुंडाळल्यावर ती पाण्याच्या लहान बाटलीएवढी होते. वजन इतके कमी आहे, की पिशवीत ती आहे की नाही हे चाचपून पाहावे लागते.

पहिल्या दोन प्रवासांत मी तिचा अगदी चुकीचा वापर केला. जितकी फुगेल तितकी फुगवली आणि पाठीच्या मधोमध, म्हणजे जवळपास बरगड्यांच्या खालच्या कडेला, ठेवली. परिणाम असा झाला, की खांदे आसनापासून सुटले, मान पुढे आली आणि उतरताना कंबरेबरोबर मानही धरली. पुढे एका फिजिओथेरपिस्टने माझ्या हातातून उशी घेतली, तीन वेळा दाबून निम्मी हवा काढली आणि ती मला वाटत होती त्यापेक्षा चांगली चार बोटे खाली, कंबरपट्टा जिथे येतो त्या जागेच्या किंचित वर, सरकवली. त्या अर्ध्या मिनिटाने मला उशीसोबतच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवले.

कारण सोपे आहे. आपण बसतो तेव्हा मांड्या वर येतात, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि कटिभाग मागे कलंडतो. त्याबरोबर कंबरेचा आतला नैसर्गिक बाक सपाट होतो. जे. जे. कीगन या शल्यचिकित्सकाने १९५३ सालीच क्ष-किरण चित्रांच्या आधारे हे दाखवले होते, आणि धड व मांडी यांच्यातला कोन सुमारे १३५ अंश असताना कंबर तिच्या स्वाभाविक ठेवणीच्या जवळ असते असे मांडले होते. प्रवासातले आसन हा कोन क्वचितच देते. त्यातून बऱ्याच आसनांची पाठ कंबरेशी खोलगट आणि खांद्यांशी फुगीर असते, त्यामुळे शरीर आपोआप पुढे घसरते. उशीने ती पोकळी भरायची असते, पाठ ढकलायची नसते. ती खूप वर ठेवली, की नेमके उलटे घडते.

मात्र येथे एक गोष्ट मला बराच काळ गोंधळात टाकत होती. १९९९ साली हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारे उपकरण बसवून दिवसभराच्या हालचालींतला दाब नोंदवला. सैल उभे असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल होता, पुढे पूर्ण वाकून बसल्यावर ०.८३, आणि पाठ टेकवून खुर्चीत पसरून बसल्यावर मात्र अवघा ०.३ च्या आसपास. म्हणजे लहानपणापासून ज्या रेलण्याबद्दल बोलणी खाल्ली, त्यात गादीवरचा दाब उभे राहण्यापेक्षाही कमी. एकाच माणसावरची ही मोजणी आहे हे खरे. पण दाब कमी असूनही तसे पसरून बसल्यावर माझी कंबर तासाभरात बोलू लागते, हा माझा अनुभवही खरा आहे. तेव्हा प्रश्न केवळ दाबाचा नसून एकाच ठेवणीत किती वेळ गेला याचाही आहे. प्रौढ माणसाच्या या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या भागांतून झिरपून होते आणि हालचालीने त्याला मदत होते. उत्तम ठेवणीत दगडासारखे बसून राहणेही तिला मानवत नाही.

या उशीची खरी किंमत तिच्या मऊपणात नसून झडपेत आहे, असे मी म्हणतो ते यासाठीच. आसनावरून न उठता, हात मागे नेऊन, झडप पाव फेरा उघडली की हवा थोडी निसटते, बाक कमी होतो आणि भार दुसरीकडे जातो. अर्ध्या तासाने दोन फुंका मारल्या की पुन्हा पूर्वीसारखे. शेजाऱ्याला ही फुंकाफुंक विचित्र वाटते, पण त्याची सवय त्याला लवकर होते.

विमानात तर हे काम आपोआपही होते, आणि ते ठाऊक नसेल तर फजिती होते. प्रवासी विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्याएवढा ठेवलेला नसतो; तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखा असतो. आठ हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो, त्यामुळे बंद पिशवीतली हवा मोकळी असती तर एक तृतीयांशाने फुगली असती. उशीचे कापड तिला तितके फुगू देत नाही, म्हणून उशी कडक होते. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत कंबरेत कोणीतरी मूठ खुपसत असल्यासारखे मला वाटू लागले होते. आसनाचा दोष समजून मी बराच वेळ चुळबुळ करत राहिलो. शेवटी झडप उघडली तेव्हा बारीक सुस्कारा ऐकू आला आणि कंबर सुटली. उतरताना याच्या उलट होते: उशी लुळी पडते आणि नेमक्या शेवटच्या अर्ध्या तासात, पट्टा बांधून हलता येत नसताना, आधार नाहीसा होतो. आता मी विमान खाली येऊ लागताच दोन फुंका मारून ठेवतो.

मोटारीत वेगळी अडचण आहे. बसलेल्या माणसाचा कणा साधारण चार ते सहा हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या, उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो, आणि रस्त्यावरच्या वाहनातून येणारी बरीचशी कंपने याच टापूत असतात. गच्च फुगवलेली उशी अशा वेळी ट्यूबसारखी उसळते आणि धक्का शोषण्याऐवजी परत देते. निम्मी फुगवल्यास आतला फोम काम करतो आणि उसळी बरीच कमी होते. गाडी स्वतः चालवणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. उशीमुळे शरीर चार-पाच सेंटिमीटर पुढे येते. म्हणून आसन, आरसे आणि पायाखालच्या कळांचे अंतर उशी लावल्यानंतर जुळवावे आणि डोके डोक्यामागच्या आधारापासून फार दूर जात नाही ना, हे पाहावे. मागून धडक बसली तर मानेला वाचवणारा तो आधारच असतो. मला हे अंतर नीट जुळवता आले नाही, म्हणून स्वतः चालवताना मी ही उशी वापरणे सोडले आहे. शेजारच्या आसनावर मात्र ती हवीच.

बसमध्ये उशीपेक्षा जागेची निवड मोठी ठरते. मागच्या चाकांच्या पलीकडची आसने प्रत्येक गतिरोधकावर उडतात आणि तिथे कोणतीही उशी काही करू शकत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा मिळाली तर निम्मा त्रास तिथेच वाचतो. रेल्वेत आडवे होता येत असेल तर हीच उशी कंबरेखाली घेण्याचा मोह टाळावा. उताणे झोपताना ती गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेतली, तर कंबर सैल पडते. माहितीपत्रकात या वापराचा उल्लेखही नाही, आणि मला तर तोच सर्वांत जास्त आवडला.

तुलनेसाठी मी मेमरी फोमची उशीही तीन प्रवासांत नेली. हा फोम १९६६ साली नासासाठी विमानांच्या आसनांवर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक, त्यामुळे वातानुकूलित डब्यात पहिली दहा-पंधरा मिनिटे पाठीमागे पाट लावल्यासारखे वाटते. नंतर तो छान बसतो, पण त्याची जाडी बदलता येत नाही आणि पिशवीत तो एका जोडी बुटांपेक्षा जास्त जागा खातो. घरच्या किंवा कचेरीतल्या खुर्चीसाठी मी त्याचीच शिफारस करीन. तिसरा पर्याय गुंडाळलेल्या टॉवेलचा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या उपचारपद्धतीमुळे कंबरेमागे गोल लोड ठेवण्याची पद्धत जगभर पोचली, आणि मनगटापेक्षा थोडा जाड गुंडाळलेला टॉवेल, दोन रबर बँड लावून, त्या लोडाचे बरेचसे काम करतो. ज्याचा प्रवास वर्षातून एकदोनदाच होतो त्याने टॉवेलवर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची गुंडाळी सैल होते आणि तो घसरतो, एवढाच त्याचा दोष.

घसरण्याची तक्रार या उशीबद्दलही आहे. आसनाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा अरुंद आसनाला सैल पडतो आणि रुंद आसनाला पुरत नाही. आवरण काढून धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसावे लागते, आणि उन्हाळ्यातल्या घामानंतर पुसण्याने समाधान होत नाही. पण खरी परीक्षा सातव्या महिन्यात झाली. रात्री फुगवलेली उशी पहाटेपर्यंत चपटी होऊ लागली. उत्पादकाला कळवले, तेव्हा वापरताना ओढाताण झाली असावी, असे सांगून त्यांनी हात झटकले. हमीचा काळ चालू होता, याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मग उशी फुगवून साबणाच्या पाण्यात बुडवली. शिवणीतून काही आले नाही, झडपेच्या कडेने मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक निघू लागले. झडप पूर्ण उघडून पाहिली तर आतल्या रबरी वायसरला केसाएवढी चीर गेलेली होती. नळाच्या सामानातला त्याच मापाचा वायसर बसवला आणि गळती थांबली. जे काम पाच मिनिटांत होते त्यासाठी सुटा भाग देण्याचेही सौजन्य उत्पादकाने दाखवू नये, याचा मला आजही राग येतो.

ही उशी कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. मणक्यांमधली मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्या अनेकांना पुढे वाकल्यावर बरे वाटते आणि पाठीला मागे बाक दिला की पायांत जडपणा येतो. कंबरेचा बाक वाढवणारी उशी त्यांना बहुधा त्रासच देईल, आणि त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तसेच बैठकीच्या भागात बधिरता येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काही दिसले तर उशीचा विचार सोडून तातडीने रुग्णालय गाठावे.

आणखी एका ठिकाणी उशीचा काही उपयोग नाही, ते म्हणजे प्रवास संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटे. दीर्घकाळ वाकून बसल्यावर कंबरेचे बंध सैलावलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण फिरत्या पट्ट्यावरून जड बॅग हिसका देऊन उचलतो. वर उल्लेखलेल्या मोजणीत पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना गादीवरचा दाब २.३ मेगापास्कलपर्यंत गेला होता, आणि तेच वजन अंगाशी धरल्यावर १.१ वर आला होता. गेल्या वर्षभरात माझ्या कंबरेत एकदाच उसण भरली, आणि ती आसनावर न भरता अशाच पट्ट्यापाशी भरली. आता मी उतरल्यावर आधी दोन-चार फेऱ्या मारतो, आणि बॅग माझ्यासमोरून एक वेढा जादा मारून गेली तरी तिला जाऊ देतो.

दर चाळीसेक मिनिटांनी उठण्याचे कर्तव्य उशीने टळत नाही, म्हणून मी खिडकीचा हट्ट सोडून वाटेकडेचे आसन घेतो. एवढे सगळे सांभाळले तर चार तासांच्या प्रवासानंतर पूर्वी उतरणारी पोटरीतली कळ आता बहुतेक वेळा उतरत नाही. सहा-सात तासांनंतर मात्र ती येते, उशी असो वा नसो. हीच उशी पुन्हा घेईन का, असे विचारल्यास घेईन, कारण इतक्या कमी जागेत इतका बदलता आधार मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. फक्त पैसे देण्यापूर्वी झडप पूर्ण उघडते की नाही आणि आतला वायसर बदलता येतो की नाही, हे स्वतःच्या हाताने पिळून पाहीन. सध्याच्या उशीच्या पिशवीत मी दोन जादा वायसर ठेवले आहेत.