गोधडीचे कापड: जवळचे दुकान की ऑनलाइन खरेदी?

ऑनलाइन खरेदीत निवड अफाट असते आणि दरही अनेकदा कमी पडतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु गोधडी शिवणाऱ्याची खरी अडचण रंगांची असते. पडद्यावर गर्द निळा दिसलेला तुकडा हातात आल्यावर जांभळट निघतो आणि सगळी रंगसंगती बिघडते. जवळच्या दुकानात मात्र चार तागे शेजारी शेजारी मांडून, दाराशी उजेडात नेऊन पाहता येतात, कापडाचा पोत चिमटीत धरून जोखता येतो, आणि पाव इंचाची शिवण कोपऱ्यावर का जुळत नाही, हे जाणकार दुकानदार तिथल्या तिथे दाखवून देतो. माझ्या मते दुकानाची खरी ओढ याच मार्गदर्शनात आहे. ते मिळत नसेल, तर मी ऑनलाइनच मागवीन.