द्राक्षबागेसाठी धिंगरीचा उरलेला भुसा

नाशिकजवळच्या एका अळिंबी उत्पादकाकडून, धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) पीक काढून झाल्यावर उरलेला भुसा मी द्राक्षबागेसाठी विकत घेतला; त्याने जमीन पूर्ण विषमुक्त होते, असे त्याने सांगितले होते. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन कुजवण्यासाठी धिंगरीची बुरशी लॅकेझ आणि मँगनीज पेरॉक्सिडेज ही विकरे (एन्झाइम) स्रवते, आणि ही विकरे फारशी निवडक नसल्यामुळे काही कीटकनाशकांचे रेणूही तोडू शकतात. याच श्वेतकुज गटातील (लाकूड कुजवून पांढरट करणाऱ्या) एका बुरशीने डीडीटी या कीटकनाशकाचे विघटन होते, हे १९८५ मध्येच दाखवले गेले आहे. तांब्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. वर्षानुवर्षे फवारलेल्या बोर्डो मिश्रणातील (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकातील) तांबे हे मूलद्रव्य असल्याने कोणतीही बुरशी ते नष्ट करू शकत नाही, फार तर आपल्या पेशीभित्तिकेत धरून ठेवते. म्हणून ‘जमीन पूर्ण विषमुक्त होते’ हा विक्रेत्याचा दावा मला मान्य नाही. काही पिशव्यांत हिरवी बुरशी शिरलेली होती, त्या मी परत केल्या. उरलेल्या भुशाने माती भुसभुशीत झाली आणि ओलावा टिकला, यासाठी मी तो पुन्हा घेईन. मात्र बागेत या भुशावर उगवलेली धिंगरी कोणीही खाऊ नये, कारण ती कॅडमियमसारखे विषारी धातू स्वतःमध्ये साठवते.