झाड फुकट, दोरी नाही: झाडांवरच्या डायपोलचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

वेष्टनावर 'पॉलिएस्टर, उन्हाला टिकणारी' असं ठळक छापलेली दोरी चक्क पॉलिप्रॉपिलीन निघाली, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर झाडावर अँटेनाची वायर टांगून बोलणाऱ्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, वानवा नाही, त्यात माझी भर कशाला?

मांडणी नेहमीचीच. चाळीस मीटर तरंगलांबीच्या बँडचा डायपोल (मधोमध दोन भाग केलेली वायरची अँटेना), मध्ये १:१ बालून (रेडिओकडून येणारी कोॲक्स केबल वायरला जोडणारी डबी), दोन्ही टोकांना दोन झाडं, उंची बारा-तेरा मीटर. १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ हे वायरच्या लांबीचं गणित सगळ्या हॅमना पाठ आहे, ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटरच्या आसपास वायर येते आणि आवरणाची वायर असेल तर आणखी थोडी छाटावी लागते. वायरबद्दल याहून जास्त बोलत नाही. तिने काही त्रास दिलेला नाही.

त्रास दिला दोरीने. तुटली तीही वादळात नाही, बऱ्यापैकी शांत दुपारी. वायर, बालून, कोॲक्स सगळं खाली. तुटलेलं टोक हातात घेतलं तर बोटांना पांढरी पूड लागली, नखाने खरवडलं की तंतू मोडायचे. चांगलं पॉलिएस्टर काही महिन्यांत असं म्हातारं होत नाही. शिल्लक राहिलेला कोरा तुकडा पाण्यात बुडवला, चोळून हवा काढली, तरी बेटा वर आला. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. नायलॉनही बुडतं. या तिघांत तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीनच, आणि उन्हात सगळ्यात आधी तेच कुजतं. नवी दोरी आणली की झाडावर चढवण्याआधी तिला पाणी दाखवा. फुकटची परीक्षा आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'दोरी उघड्यावर वापरू नये.' मग उन्हाला टिकणारी दोरी वापरायची कुठे, कपाटात? पुढे 'कापलेला माल परत घेत नाही', आणि त्यानंतर शांतता. चीड पैशांची नाही असं म्हणणार नाही. पैशांचीच आहे. खांब उभारायचा खर्च नको म्हणून तर माणूस झाडाकडे वळतो.

मग दुसरीकडून काळी, विणीची खरी पॉलिएस्टर दोरी घेतली. नायलॉन स्वस्त पडत होतं, पण ते ताणतं आणि ओलं झालं की अजूनच सैल पडतं.

आता बादलीबद्दल. झाडं डोलतात, पण दोन झाडं एका तालात डोलत नाहीत. दोन्ही टोकं आवळून बांधली तर जोराच्या झोतात वायर तुटणारच. म्हणून एक टोक पक्कं, आणि दुसऱ्या टोकाची दोरी फांदीवरून खाली आणून तिला दगडांची बादली. सहा-सात किलो पुरतात. बादलीच्या बुडाला भोक पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साठून वजन वाढत जातं. आणि ती खाली-वर होणार, तेव्हा तिच्याखाली कुणी बसणार नाही अशी जागा निवडा. पहिले काही आठवडे मी या युक्तीचं कौतुक सगळ्यांना ऐकवत होतो.

ते कौतुक नंतर जरा आवरतं घेतलं. बादली हलली की दोरी फांदीवर मागे-पुढे सरकते, दर झोताला, दिवसरात्र. एकदा दोरी उतरवून पाहिली तर वीतभर भागाचं वरचं विणकाम पार उडालं होतं, आतला पांढरा गाभा दिसत होता आणि त्यात सालीचा चुरा घट्ट बसला होता. बाकीची दोरी नव्यासारखी. थोडक्यात, बादली वायर वाचवते आणि दोरी खाते.

उपाय कप्पी. फांदीवरून जाड दोरी घ्यायची, तिच्या टोकाला कप्पी बांधून वर ओढायची, आणि कप्पीतून दुसरी दोरी आधीच ओवून ठेवायची. जाड दोरी खाली पक्की बांधली की ती जवळपास जागची हलत नाही. सरकते ती आतली, कप्पीच्या चाकावरून. कप्पी घेताना चाक आणि बाजूची पट्टी यांच्यातली फट बघा. दोरी तिथे घुसून अडकली की सगळा खटाटोप पुन्हा. आतली दोरी वर्तुळासारखी जोडलेली ठेवली तर आणखी बरं, कारण वायर तुटली तरी दोरीचं टोक वर पळत नाही. हे केल्यापासून बादलीशी माझं पुन्हा जमलं आहे. दोरी परवाच उतरवून पाहिली, ओरखडाही नाही.

दोरी वर कशी न्यायची? मी गलोल, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) आणि वजनाला शिसं वापरतो. शिसं फार हलकं घेतलं तर पानांत लटकून राहतं, खालीच येत नाही. अडकलं तर हिसका देऊ नका, ते सुटून थेट तोंडावर येतं; चष्मा हवाच. तंगुसाला आधी बारीक दोरी, तिला मग जाड दोरी. झाडावर स्वतः चढण्याचा विचारही नको, आणि आसपास विजेच्या तारा असतील तर ते झाड सोडून द्या.

अँटेना चालते कशी? छान. पण या उंचीवर लहरींचा मोठा वाटा सरळ वर जातो आणि वरच्या वातावरणातून जवळपासच परत येतो, त्यामुळे जवळपासची स्टेशनं दणदणीत आणि दूरची नशिबावर. चाळीस मीटरवर अर्धी तरंगलांबी म्हणजे वीस मीटर उंची मिळाली, तर मुख्य झोत क्षितिजापासून तीस अंशांच्या आसपास उतरतो. तेवढं झाड माझ्याकडे नाही. पावसात पानं आणि वायर भिजली की अनुनाद (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळते ती) थोडा खाली सरकतो, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली आहे याचं माप, जितकं कमी तितकं बरं) किंचित चढतो. मी दुर्लक्ष करतो. वायरचं टोक मात्र पानांपासून हातभर लांब ठेवा, कारण प्रक्षेपणाच्या वेळी सगळ्यात जास्त व्होल्टेज तिथेच असतं. गडगडाट ऐकू आला की कोॲक्स काढून ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

झाडाबद्दल तक्रार एकच: ते वाढतं. जाड दोरी खोडाला आवळून बांधली तर साल ती हळूहळू गिळते, आणि झाडाचाही गळा आवळला जातो. म्हणून खालची गाठ मी आता बुंध्यावर घालत नाही. शेजारी जमिनीत वेगळी खुंटी ठोकली आहे.