सोला हॅट आणि पिनकोड

म्हापशाच्या आमच्या घरात जुन्या सतरा हॅटा आहेत. अठरावीने मला टोपी घातली.

मोबाईलवर जाहिरात दिसली : 'पोर्तुगीज अमदानीतली अस्सल सोला हॅट, १९५० च्या आसपासची, लिस्बनहून आलेली.' किंमत ८,५०० रुपये. खरं तर 'लिस्बन' वाचूनच थबकायला हवं होतं. सोला, म्हणजे शोला, ही बंगालच्या पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिच्या खोडातल्या पांढऱ्या, हलक्याफुल गाभ्याच्या या हॅटा. ही माहिती चारचौघांना मीच ऐकवत असतो. पण हाव सुटली की माणसाला स्वतःचंच बोलणं आठवत नाही.

फोटो चार, सगळे बाहेरून. आतली पट्टी आणि लेबल बघितल्याशिवाय जुनी हॅट घ्यायची नाही, हा माझा नियम. म्हणून आतला फोटो मागितला. त्याने एक अंधुकसा पाठवला आणि लगेच, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंतच थांबतो." अॅपवरून घेतलंत तर कमिशन जातं, थेट यूपीआय करा, पाचशे सोडतो, असंही म्हणाला. मी ते पाचशे वाचवले. नंतर अॅपवाल्यांनी हात वर केले : व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही.

हॅट नकली नव्हती, हे सांगायला हवं. सोलाचीच होती. दोन दिवस मी मिरवलीही. तिसऱ्या दिवशी मामा आले. त्यांची उभी हयात पोस्टात गेली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी लेबल डोळ्यांजवळ धरलं. दुकानाचं नाव पुसट, पण खाली 'कलकत्ता ७०००१२' शाबूत.

"कितें रे हें? पोर्तुगीज गेले १९६१ ला. पिनकोड आला १९७२ च्या १५ ऑगस्टला. त्याआधी नुसतं 'कलकत्ता १२' लिहायचे."

मी तो अंधुक फोटो पुन्हा उघडला. पट्टीचे टाके मोजता येत होते, अंधुक होतं ते फक्त लेबल.

तेव्हा लेबलाचा स्वच्छ फोटो आल्याशिवाय पैसे सोडू नका. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर ते लेबल १९७२ च्या आधीचं नाही. पिन नाही म्हणजे जुनीच, असंही नाही हं.

शुक्रवारच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्या ओळखीच्या बाईंना हॅट दाखवली. त्या हसल्याच. असल्या तीन हॅटा पावसाआधी कोणीतरी त्यांच्याकडूनच नेल्या होत्या, सातशेला एक. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवरून. कुरियरचे दोनशे मी वेगळे भरले होते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पत्ता विचारला, तर माझ्याकडे होता फक्त त्याचा मोबाईल नंबर, आणि तो तोवर बंद झाला होता.

हॅट मामांनी मागून नेली. कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, घालतात. पावसात नेऊ नका, एवढं बजावलंय. सोला भिजला की आकार सोडतो.