चेकराइडच्या ओरलसाठी घेतलेली फ्लॅश कार्डं: सात महिन्यांनंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये ९४ डॉलर देऊन हा संच घेतला. चारशे बारा कार्डं, ती अडकवायला एक स्टीलची रिंग आणि सोबत वर्षभराचं अ‍ॅप. जूनमध्ये चेकराइडची (पायलटच्या लायसन्सची शेवटची परीक्षा) ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा झाली, पास झालो. तरी पाचपैकी तीनच तारे देतोय, आणि त्यातला एक निव्वळ अ‍ॅपचा आहे. कारण एकच. उत्तर एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमांतल्या कुठल्या कलमातून आलंय हे कार्डावर छापलेलं नाही. चारशे बारापैकी एकाही कार्डावर नाही.

ओरलला कलमांचे नंबर तोंडपाठ लागत नाहीत, हे मलाही माहीत आहे. समोर पुस्तक उघडायची मुभा असते. पण नंबर नसेल तर छापलेलं उत्तर आजही खरं आहे का, हे तपासायचं कसं? आणि एफएएचे नियम बदलत राहतात.

पहिली ठेच जानेवारीत लागली. एका कार्डावर नोटॅमचं (पायलटांसाठी निघणाऱ्या तातडीच्या सूचनेचं) पूर्ण रूप 'नोटिस टू एअरमेन' असं होतं. डिसेंबर २०२१ पासून ते 'नोटिस टू एअर मिशन्स' झालेलं. मी पेनाने खोडून दुरुस्त केलं. १० फेब्रुवारी २०२५ ला एफएएने पुन्हा 'एअरमेन' केलं, मग माझी दुरुस्तीही खोडली. नावापुरताच तर फरक आहे, म्हणून सोडून दिलं. 'नवी आवृत्ती' म्हणून विकलेला संच २०२१ च्या आधी छापलेला आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मार्चमध्ये फ्लाइंग क्लबच्या चीफ इन्स्ट्रक्टरने मॉक ओरल, म्हणजे सरावाची तोंडी परीक्षा घेतली. विमानाची कागदपत्रं हा विषय मला सगळ्यात सोपा वाटायचा. त्यांनी विचारलं, रजिस्ट्रेशन किती वर्षं चालतं? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, तीन. ते काही बोलले नाहीत. मला विमानाकडे पाठवलं आणि प्लास्टिकच्या खिशातला कागद आणायला लावला. जारी २०२३, मुदत २०३०. तो कागद हातात घेऊन हँगरपासून ऑफिसपर्यंत चालत येताना मला फार लाज वाटली. त्या विमानात मी तीस तास काढले होते आणि दर वेळी प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीला, तो खिसा चाचपला होता. कागद आहे एवढंच बघत होतो. वाचला कधीच नव्हता.

जानेवारी २०२३ पासून ही मुदत सात वर्षांची आहे. कलम ४७.४०. कार्डाच्या कोपऱ्यात एवढे चार आकडे असते तर सरकारी साइटवर फुकटात अर्ध्या मिनिटात तपासून झालं असतं.

कंपनीला मेल केली. पहिलं उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार, पुढच्या आवृत्तीत विचार करू, तोवर नवीन संचावर वीस टक्के सूट घ्या. म्हणजे चूक त्यांनी करायची आणि दुरुस्त केलेला माल पुन्हा मीच विकत घ्यायचा! कलमाचा उल्लेख करून दुसरी मेल टाकली, मग तिसरी. पाच आठवड्यांनी पोस्टाने एक पाकीट आलं. आत एकच कार्ड. तीनच्या जागी सात छापलेलं, पण भोक दुसऱ्या कोपऱ्यात, त्यामुळे रिंगमध्ये बसेना. आणि कलम नंबर? याही कार्डावर नव्हता. तीन मेलमध्ये मी तेवढंच तर मागितलं होतं.

हा राग निव्वळ ९४ डॉलरचा नाही, हेही सांगतो. आमच्याकडे न्यू जर्सीत विमानाचं भाडं इंधनासकट तासाला १८५ पडतं, इन्स्ट्रक्टर वेगळा, एक्झामिनरची फी आणखी वेगळी. ओरलमध्ये पडलात तर इन्स्ट्रक्टरकडून पुन्हा तयारी, पुन्हा सही, पुन्हा फी. पास झालेला भाग साठ दिवसच धरला जातो, त्यानंतर सगळं पहिल्यापासून. एका शिळ्या कार्डाची किंमत एवढी होऊ शकते.

मग मी ठरवलं, नंबर आपणच लिहायचे. रोज रात्री जेवणानंतर दहा कार्डं. आधी जेल पेन वापरलं. कार्डांना गुळगुळीत थर असल्यामुळे शाई बसतच नाही, अंगठा लागला की फराटा. पहिली चाळीस-एक कार्डं अशी खराब झाली. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, काळाच, निळा फिका दिसतो. मे महिना उजाडला तेव्हा नियमांची सगळी कार्डं झाली होती. हवामान आणि एरोडायनॅमिक्सच्या कार्डांवर एफएएच्या हँडबुकचं प्रकरण लिहिलं. ते हँडबुकही फुकट उतरवून घेता येतं.

आणि इथे माझं मत थोडं बदललं. एप्रिलच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की हा अभ्यास आधीच्या चार महिन्यांपेक्षा बरा चाललाय. उत्तर शोधायला मूळ कलम उघडावं लागतं, आणि उघडलं की आजूबाजूचंही वाचलं जातं. याचं श्रेय मी कंपनीला देणार नाही. पण झालं ते खरं.

'रात्र' हाच विषय घ्या. संचात रात्रीची तीन कार्डं आहेत, तीन वेगळ्या रंगांच्या गटांत विखुरलेली. दिवे लावण्यापुरती रात्र सूर्यास्ताला सुरू होते, ९१.२०९. लॉगबुकात लिहायची रात्र संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट (सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश) संपल्यावर, कलम १.१. आणि प्रवासी घेऊन उडायचं तर रात्र सूर्यास्तानंतर एक तासाने, ६१.५७. मी तिन्ही वेगवेगळी पाठ केली होती आणि तिन्हींची सरमिसळ करत होतो. नंबर लिहिताना तिन्ही कार्डं प्रथमच टेबलावर शेजारी आली.

मग एक संध्याकाळ कागदावर मांडली. सूर्यास्त ७:४०. बायकोला घेऊन ८ वाजता निघालो, तर पोझिशन लाइट लागलेले हवेत. साधारण ८:०८ पासूनचा वेळ लॉगबुकात रात्रीच्या रकान्यात. परतून ८:३० ला उतरलो तर दिवसाचा हिशेब चालेल. ८:४५ झाले तर मात्र गेल्या नव्वद दिवसांत रात्रीची तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, तीही पूर्ण थांबून. पंधरा मिनिटं उशीर झाला तर तीच बायको, तेच विमान आणि तोच मी, पण उड्डाण बेकायदा. हे एकदा असं डोळ्यांपुढे आलं की पाठ करावं लागत नाही.

बायकोबद्दल निघालंच आहे तर तिचं ऋण मान्य करतो. ती पोळ्या लाटताना ओट्याला टेकवून कार्डं ठेवायची आणि विचारायची. ढगांपासूनच्या अंतराच्या कार्डावर अजून हळदीचं बोट आहे. मी घडाघडा म्हणालो, तीन मैल दृश्यता, ढगाखाली पाचशे फूट, वर हजार, बाजूला दोन हजार. ती म्हणाली, "हे पाठ केलंयस तू. का, ते सांग." मला सांगता येईना. कार्डावर कारण नव्हतंच. ते वाचून काढायला दुसरा दिवस गेला. ढगातून एखादं विमान बाहेर काही न दिसता फक्त इन्स्ट्रुमेंट बघत बाहेर येत असेल, तर त्याला आणि तुम्हाला एकमेकांना बघून टाळायला वेळ मिळावा म्हणून ही जागा. दहा हजार फुटांच्या वर हीच अंतरं वाढतात, पाच मैल दृश्यता, वर-खाली हजार, बाजूला एक मैल. कारण २५० नॉटची वेगमर्यादा दहा हजारांच्या खाली असते, वर नसते. एक्झामिनरने मला हेच विचारलं, जवळपास बायकोच्याच शब्दांत.

संचातलं सगळ्यात चांगलं कार्ड कुठलं विचाराल तर बंद पडलेल्या उपकरणाचं, ९१.२१३. खालोखाल बाण काढलेले आहेत आणि क्रम अगदी बरोबर आहे. ते उपकरण विमानाच्या सर्टिफिकेशनला लागतं का, पीओएचमधल्या (त्या विमानाच्या माहितीपुस्तकातल्या) यादीत आवश्यक आहे का, ९१.२०५ मध्ये आहे का, एखाद्या एडीने (एफएएच्या सक्तीच्या सुरक्षा आदेशाने) मागितलंय का. चारही ठिकाणी 'नाही' आलं तर ते काढायचं किंवा निकामी करायचं, 'इनऑपरेटिव्ह' अशी चिठ्ठी लावायची, आणि धोका नाही हे ठरवून मगच निघायचं.

हे कार्ड मी व्हिडिओ कॉलवर बाबांना वाचून दाखवलं. ते सांगलीला असतात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे पासिंग," ते म्हणाले. शंभर तासांचं इन्स्पेक्शन प्रत्येक विमानाला लागत नाही, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या किंवा पैसे घेऊन विमानासकट शिकवणाऱ्यालाच लागतं, हेही त्यांना लगेच पटलं. मग विचारलं, "लाइट गेलेली गाडी लाइनवर सोडायची का नाही, ते तुमच्यात कोण ठरवतं?" मी सांगितलं, पायलट इन कमांड. विमान उडण्यालायक आहे का हे ठरवणं त्याचं काम, ९१.७. ते थोडा वेळ गप्प बसले. "आमच्याकडे निदान दुसऱ्या कुणाची सही असायची. तुझ्यात तूच ड्रायव्हर आणि तूच हेड मेकॅनिक. नीट बघत जा रे बाळा." त्यानंतर मी प्रीफ्लाइट कधीही घाईत केलेलं नाही.

आता अ‍ॅप. सुरुवातीला मी ते उघडतच नव्हतो. कार्डांचीच नक्कल, वर जाहिरात. फेब्रुवारीत लेखी परीक्षा झाली, ८५ टक्के. चुकलेल्या प्रश्नांचे एसीएस कोड (एफएएच्या परीक्षेच्या विषययादीतले कोड) निकालाच्या कागदावर येतात, आणि एक्झामिनर ओरलला ते विषय विचारतोच. एका शनिवारी दिसलं की अ‍ॅपमध्ये हे कोड टाकायची सोय आहे. नऊ कोड टाकले आणि त्या त्या विषयाची एकतीस कार्डं बाजूला निघून आली. हे काम हाताने करायला माझे दोन दिवस गेले असते. गाडीत ऑफिसला जाता-येता तीच एकतीस कार्डं महिनाभर ऐकली. एक तारा अ‍ॅपला देतोय तो याचा. ही सोय त्यांनी खोक्यावर ठळक का छापली नाही, कळत नाही.

विमानाच्या यंत्रणांची कार्डं मात्र बेताची. सगळं सरसकट लिहिलंय. कार्बुरेटर आयसिंगवर (कार्बुरेटरमध्ये बर्फ साचण्यावर) चार कार्डं आहेत, ती चुकीची नाहीत. पण मी उडवतो ते सेसना १७२ एस, त्याचं इंजिन फ्युएल इंजेक्टेड, कार्बुरेटरच नाही. वेगाच्या कार्डावर तर मनुव्हरिंग स्पीड (ज्याच्या खाली कंट्रोल एकदा पूर्ण फिरवला तरी सांगाड्यावर जास्त ताण येत नाही तो वेग) वजन कमी झालं की कमी होतो एवढंच आहे. आमच्या पीओएचमध्ये २५५० पौंडांना १०५ नॉट आणि १९०० ला ९० आहे, आणि एक्झामिनरला तेच आकडे हवे होते. हा भाग कार्डांवरून करू नका. स्वतःच्या विमानाचं पीओएच घेऊन कॉकपिटमध्ये बसा. इंजिन बंद असताना त्याचे पैसे लागत नाहीत.

ओरल एक तास पन्नास मिनिटं चालली. रजिस्ट्रेशनचा प्रश्न आलाच. मी सात वर्षं म्हणालो आणि कागदावरची तारीखही सांगितली. अडखळलो ते खर्चाच्या वाटणीवर. तिघा मित्रांना घेऊन गेलो तर कोणता खर्च वाटून घेता येतो? इंधन, तेल, विमानतळाचा खर्च, भाडं, इथवर आलं. आपला वाटा किती, यावर गोंधळलो. म्हणालो, बघून सांगू का? ते म्हणाले, जरूर. पुस्तकात ६१.११३ सरळ उघडलं. चौघे असतील तर पायलटने किमान चौथा हिस्सा भरायचाच, त्यापेक्षा कमी नाही. तो नंबर मी स्वतः मार्करने लिहिला होता, म्हणून हात बरोबर पानावर गेला.

घ्यायचा का? नवा घेऊ नका. कुणाकडे वापरलेला पंचवीस-तीस डॉलरला मिळाला आणि कलमं स्वतः लिहायची तयारी असेल तर जरूर घ्या. अ‍ॅपचा कोड मात्र दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मी विचारून बघितलं. अ‍ॅप लेखी परीक्षेच्या निकालानंतर महिन्याच्या बोलीवर घ्या आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

माझा संच मी आमच्याच फील्डवर शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलीला दिला, पैसे घेतले नाहीत. हाताने लिहिलेल्या नंबरांवर भरवसा ठेवू नकोस, प्रत्येक नंबर एकदा स्वतः उघडून बघ, एवढं बजावलं. काल रात्री तिचा फोन आला. "दादा, हळद लागलेल्या कार्डावरची शाई पुसलीय. ९१.१५५ आहे की ९१.१५९?" जेल पेनच्या दिवसांतलं असणार ते. ९१.१५५ ढगांचं, मी म्हणालो, १५९ म्हणजे क्रूझिंगची उंची. ती म्हणाली, "उघडलंय मी, बघते," आणि फोन तसाच चालू ठेवून वाचायला लागली.