मांडव्याला जाताना: लाँच की रो-रो?

गेटवेहून सुटणाऱ्या जुन्या लाँचमध्ये आत बघण्यासारखं फार नाही: बाकडी, छताशी लाइफ जॅकेटं, डिझेलचा वास. मजा वरच्या डेकवर, वेगळे पैसे मोजून. हिवाळ्यात सीगल अगदी हाताशी येतात.

भाऊच्या धक्क्याहून 2020 पासून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, ग्रीसमध्ये बांधलेली. खाली गाड्यांचा अख्खा मजला, रॅम्पवरून थेट पोटात शिरायचं. गाडी लावून जिना चढलात की वातानुकूलित दालनं, आणि वर उघडा डेक. साधारण तासाभराच्या प्रवासात सगळी बोट हिंडून होते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, तेव्हा हीच. एरवी एकटा असेन तर मी लाँचच धरतो. तिच्या तिकिटात अलिबागची बसही येते. आई सोबत असली, की मात्र रो-रो.