पक्ष, अपक्ष की नोटा? निवडणूक कुठली ते आधी बघा

‘आम्ही पक्ष बघत नाही, माणूस बघतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकायला छान वाटतं. पण निवडून आल्यावर त्या माणसाच्या हातात किती उरतं, हे निवडणूक कुठली यावर ठरतं. विधानसभेला जे मत शहाणपणाचं, तेच ग्रामपंचायतीला निरर्थक ठरू शकतं. यंदा मत कुणाला द्यावं असा घोळ ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

आधी विधानसभा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने बांधलेला असतो. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, मोडून मतदान केलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर आमदारकी धोक्यात. म्हणजे उमेदवार कितीही अभ्यासू असो, विधेयकावर मत पक्ष सांगेल तसंच पडणार. तुमच्या तालुक्याच्या मुळावर येणारा कायदा आला तरी तो फार तर पक्षाच्या बैठकीत कुरकुर करील. त्यामुळे ‘माणूस चांगला आहे’ म्हणून पक्षाच्या उमेदवाराला मत देताना, ते मत मुळात पक्षाला पडतंय हे धरूनच चालावं.

मग पक्षाचा तरी भरवसा आहे का? २०१९मध्ये भाजप १०५ आणि शिवसेना ५६ असा युतीला स्पष्ट कौल होता. सरकार मात्र आलं शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचं, तेही मध्ये फडणवीस-अजित पवारांचा एक सकाळचा शपथविधी उरकून. पुढे २०२२मध्ये शिवसेना फुटली, २०२३मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण निवडणूक आयोगाने शिंदे गटाला दिला, घड्याळ अजित पवार गटाला. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल ही जुनी सवलत २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली होती. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, एवढीच वाट उरली होती. आता तीही लागत नाही, कारण ‘आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष’ असा दावा करता येतो. अपात्रतेचा निकाल द्यायचा विधानसभेच्या अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष निवडून येतात बहुमताने. जानेवारी २०२४च्या निकालात शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. एकट्याने व्हिप मोडणाऱ्याला हा कायदा कडक आहे, चाळीस जणांनी मिळून मोडला तर सैल.

नेत्याच्या चेहऱ्याकडे बघून मत देणाऱ्यांची अडचण याहून मोठी. मुख्यमंत्री आपण निवडत नाही, आमदारांचा आकडा निवडतो. २०१९च्या त्या एकाच विधानसभेने फडणवीस, ठाकरे आणि शिंदे असे तीन मुख्यमंत्री पाहिले. ज्याच्या फोटोवर मत मागितलं त्याचीच खुर्ची पक्की, असं समजायला काही आधार नाही. तरीही विधानसभेला मी पक्षाच्याच बाजूने झुकतो. सरकार पक्ष चालवतात, आणि पाच वर्षांनी जाब विचारायला निदान एक पत्ता असतो. पत्ता बदलतो हे खरं, पण नुसत्या माणसाच्या मागे तेवढाही नसतो.

अपक्षाच्या बाबतीत एक गैरसमज फार आहे, की तो कुणाचा बांधलेला नसतो. व्हिप त्याला लागू नाही हे खरं. पण निवडून आल्यावर तो कुठल्या पक्षात शिरला तर आमदारकी जाते. पाठिंबा देणं आणि मंत्रिपद घेणं मात्र चालतं, आणि खरा व्यवहार तिथेच होतो. १९९५मध्ये ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ होत होते, बहुमताला १४५ हवे होते. अपक्षांशिवाय मनोहर जोशींचं सरकार उभंच राहिलं नसतं, आणि अपक्षांनी त्याची किंमत मंत्रिपदांत वसूल केली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील तर अपक्ष राहून युतीच्याही सरकारात मंत्री होते आणि नंतर आघाडीच्याही. तालुक्याला याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण हे वजन आकड्यांच्या तंगीतून येतं. २०२४च्या विधानसभेत अपक्ष आले दोन आणि महायुतीकडे सव्वादोनशेच्या वर जागा. तिथे दोन अपक्षांना कोण विचारतो?

शिवाय अपक्ष आणि बंडखोर वेगळे. २०२४च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि लगेच काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. तिथल्या मतदाराने वसंतदादांचं घराणं आणि त्या भागातली जुनी काँग्रेस यांनाच मत दिलं, चिन्ह तेवढं वेगळं होतं. यात लबाडी काही नाही, सगळं उघड होतं. खरा धोका तो अपक्ष, जो प्रचारात ‘जनता हाच माझा पक्ष’ म्हणतो आणि पाठिंबा कुणाला हे सांगत नाही. त्याला सभेत थेट विचारा. उत्तर टाळलं तर समजा, भाव अजून ठरायचाय.

नोटाचा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चा मामला विधानसभेला थोडक्यात आटपतो. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बटण आलं, पण नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार विजयी होतो. अनामत रकमेच्या हिशेबातही ही मतं धरत नाहीत. २०१९मध्ये लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होती, मतं २७,५००. चर्चा खूप झाली, आमदार धीरज देशमुखच झाले आणि तेही लाखाच्या वर मतं घेऊन.

महापालिका, नगरपालिकेला मात्र याच बटणाला दात आहेत. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८च्या आदेशाप्रमाणे या निवडणुकांत नोटा हा काल्पनिक उमेदवार मानला जातो. तो पहिला आला तर निवडणूक पुन्हा घ्यायची. पुन्हा तोच पहिला आला, तर मग पुढचा उमेदवार विजयी. प्रभागात सगळेच ठेकेदार उभे असतील तर विधानसभेपेक्षा इथे नोटा दाबणं कितीतरी कामाचं.

मुंबई सोडली तर महापालिकांत बहुधा चार सदस्यांचा प्रभाग असतो. ‘पॅनेल टू पॅनेल मारा’ असं कार्यकर्ते कानीकपाळी ओरडतात, पण चारही मतं एकाच चिन्हाला देण्याचं बंधन नाही. एक पक्षाला, एक गटारीचा प्रश्न खरोखर धसाला लावणाऱ्या अपक्षाला, एक नोटाला, असं खुशाल करा. नगरसेवकाचं बरंचसं काम पाणी, कचरा आणि दाखले यांच्यापाशी असतं, तिथे माणूस बघणं रास्तच. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. सरपंच थेट निवडायची पद्धत २०१७मध्ये आली, २०२०मध्ये गेली, २०२२मध्ये परत आली. तिथे ‘माणूस बघतो’ हे वाक्य शब्दशः खरं करता येतं, फक्त पॅनेलचा खर्च कोण करतंय याची चौकशी करावी.

आमदार-खासदारकीच्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. लोक त्यात गुन्हे आणि मालमत्ता बघतात. त्याच नमुन्यात सरकारी कंत्राटांचाही रकाना असतो, उमेदवाराचा आणि त्याच्या जोडीदाराचाही. तो वाचा.